आल्किओनी : खंड्याच्या शास्त्रीय नावामागची ग्रीक गोष्ट

शिशिरपर्ण

विहिरीच्या कठड्यावर, विजेच्या तारेवर किंवा शेताच्या बांधावर बसलेला, तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या छातीचा आणि झगझगीत निळ्या पाठीचा खंड्या आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. त्याचे शास्त्रीय नाव हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस. यातला पहिला शब्द ग्रीक भाषेतला आणि फार जुना असून त्याचा मूळ उच्चार आल्किऑन असा होतो. हेच नाव किंचित बदलून पुराणकथेतल्या एका राणीला मिळाले, कृत्तिकांमधल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याला मिळाले, सॉक्रेटिसाच्या तोंडी घातलेल्या एका छोट्या संवादाला मिळाले आणि शेवटी जीवशास्त्राच्या वर्गीकरणात येऊन बसले. या नावाचा प्रवास एकत्र मांडावा, म्हणून हा धागा काढत आहे.

कथा थोडक्यात अशी आहे. वाऱ्यांचा अधिपती आयोलस याची मुलगी आल्किओनी आणि त्राखिस नगरीचा राजा कीइक्स हे एकमेकांवर जिवापाड प्रेम करणारे जोडपे होते. क्लारोस येथील अपोलोच्या देवस्थानी कौल घेण्यासाठी कीइक्स समुद्रमार्गे निघतो. वाऱ्यांचा स्वभाव बापाच्या घरी लहानपणापासून पाहिलेली आल्किओनी त्याला परोपरीने अडवते. पण तो जातो, वादळात जहाज फुटते आणि तो बुडतो. इकडे ती रोज हेरादेवीपुढे त्याच्या सुखरूप परतीचे मागणे मागत राहते. मेलेल्या माणसासाठी चाललेली ही प्रार्थना देवीलाच असह्य होते, म्हणून ती निद्रेच्या गुहेतून एक स्वप्न पाठवते आणि ते स्वप्न ओलेत्या कीइक्सचे रूप घेऊन आल्किओनीच्या उशाशी उभे राहते. सकाळी ती किनाऱ्यावर धावते, तेव्हा लाटांवर एक प्रेत येताना दिसते. ती पाण्याकडे झेप घेते आणि झेपेतच तिला पंख फुटतात. देव त्यालाही पक्षी करतात. हिवाळ्यात ती समुद्रावर तरंगणाऱ्या घरट्यात अंडी उबवत असते तेव्हा तिचा बाप वाऱ्यांना कोंडून ठेवतो आणि समुद्र शांत राहतो. ही सविस्तर मांडणी रोमन कवी ओव्हिडची आहे.

अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणसंग्रहात मात्र या जोडप्याची हकिकत अगदी वेगळी आहे. तिथे ना वादळ आहे, ना विरह. नवरा बायकोला हेरा म्हणत असे आणि बायको नवऱ्याला झ्यूस म्हणत असे, या उर्मटपणाबद्दल झ्यूसने दोघांना पक्षी करून टाकले, एवढेच तिथे सांगितले आहे. म्हणजे एकाच रूपांतराकडे एक परंपरा करुणा म्हणून पाहते आणि दुसरी शिक्षा म्हणून.

नाव आधी पक्ष्याचे की बाईचे, या प्रश्नावर होमरचा पुरावा मला महत्त्वाचा वाटतो. 'इलियड'च्या नवव्या सर्गात मेलेआग्रोस या वीराच्या बायकोचा उल्लेख येतो. तिचे खरे नाव क्लिओपात्रा. पण घरी तिला आल्किओनी म्हणत, कारण अपोलोने तिच्या आईला पळवले तेव्हा ती माउली शोकग्रस्त आल्किऑन पक्ष्यासारखी रडली होती. राणीची आणि राजाची गोष्ट इथे कुठेच नाही. पक्ष्याच्या आवाजात दुःख ऐकू येते ही समजूत मात्र आहे, आणि त्या समजुतीवरून माणसाला टोपणनाव पडते आहे. माझे मत असे आहे की आधी पक्षी होता, त्याच्या भोवती हळूहळू गोष्ट जमत गेली, आणि गोष्ट मोठी झाल्यावर तिने पक्ष्यालाच झाकून टाकले.

झाकून टाकले म्हणण्याचे कारण त्या घरट्यात आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात या घरट्याचे जे वर्णन केले आहे ते वाचताना आपण चक्रावून जातो. ते समुद्रकाठी सापडणाऱ्या तंतुमय गोळ्यांसारखे पण लालसर, लांब मानेच्या भोपळ्याच्या आकाराचे आणि मोठ्यात मोठ्या स्पंजाहूनही मोठे असते. धारदार लोखंडाने ते सहजी कापले जात नाही, पण हाताने आपटले तर पटकन फुटते. त्याचे तोंड इतके अरुंद असते की ते उलटले तरी पाणी आत शिरत नाही. ते कशाचे बनवलेले असते याची खात्री नाही, पण बहुधा एका लांब चोचीच्या माशाच्या काट्यांचे असावे, असे तो म्हणतो. पक्ष्याचे वर्णन मात्र बिनचूक आहे : चिमणीहून फारसा मोठा नाही, रंगात निळा, हिरवा आणि जांभळट यांची मिसळण, चोच लांब आणि बारीक. एकाच परिच्छेदात डोळ्यांनी पाहिलेले आणि कुणाकडून तरी ऐकलेले असे शेजारी शेजारी बसले आहे.

हिवाळ्यात सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे सात दिवस घरटे बांधण्याचे आणि नंतरचे सात दिवस पिलांचे, असेही तो सांगतो आणि पुष्टीसाठी सिमोनिदीस या कवीच्या ओळी देतो. मात्र लगेच पुस्ती जोडतो की आपल्या भागात हे दिवस दर वेळी शांत असतातच असे नाही, सिसिलीच्या समुद्रात मात्र बहुतेक नेहमी असतात. परंपरेला नाकारायचे नाही, पण अनुभवाला धरून तिची हद्द आखायची, ही त्याची रीत मला फार आवडते.

तत्त्वज्ञानातल्या संवादाविषयी स्वतंत्र प्रतिसादात लिहितो. तोपर्यंत पक्षी, तारे आणि समुद्र यांच्या जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

तांडेल

उत्तम विषय. माझी नोकरी मालवाहू जहाजांवर झाली, त्यामुळे समुद्राच्या बाजूने थोडे लिहितो.

ग्रीक लोक आजही या दिवसांना आल्किओनीचे दिवस म्हणतात, आणि पिरेअस बंदरातला खलाशी हवामानाबद्दल बोलताना हा शब्द सहज वापरतो. फरक एवढाच की प्रत्यक्षात असे दिवस डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही येऊ शकतात आणि जानेवारीच्या उत्तरार्धात त्यांची शक्यता जास्त धरली जाते. त्या काळात ग्रीसवर हवेचा जास्त दाब टिकून राहिला तर आकाश निवळते, वारा पडतो आणि ऐन थंडीत दुपारी अंगावरचे जाड कपडे काढावेसे वाटतात. आदल्या दिवशी जहाजाच्या नाकावरून पाणी उसळत असते आणि दुसऱ्या दिवशी एजियन समुद्र इतका सपाट असतो की दूरच्या बेटाचा डोंगर पाण्यात उलटा दिसतो. हे मी स्वतः पाहिले आहे. हा बदल इतका एकाएकी होतो की त्यामागे कुणाची तरी इच्छा असावी, असे जुन्या लोकांना वाटले असेल तर त्यात नवल नाही.

एक गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. आपला समुद्र पावसाळ्यात बंद होतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. त्यांचा समुद्र हिवाळ्यात बंद होत असे. त्यांच्या हेसिअड या कवीने शेतीवाडीच्या काव्यात स्पष्ट बजावले आहे की कृत्तिका मृगापुढे पळत समुद्रात मावळू लागल्या की नाना वारे उठतात, तेव्हा जहाजे पाण्यात ठेवू नयेत. मावळणे म्हणजे पहाटेचे मावळणे, साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीचे. अशा बंद हंगामाच्या मधोमध आठ-पंधरा दिवस समुद्र निवांत झाला, तर किनाऱ्यावर अडकलेल्या माणसाला त्याचे केवढे अप्रूप वाटत असेल!

नक्षत्रवेडी

तांडेल काकांनी कृत्तिकांचा उल्लेख केला, त्याला जोडून लिहिते. ॲरिस्टॉटल असेही म्हणतो की आल्किऑन हा पक्षी फार क्वचित दिसतो, आणि दिसलाच तर कृत्तिका मावळण्याच्या सुमारास व सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास. म्हणजे पक्ष्याचे आणि त्या तारकापुंजाचे नाते कॅलेंडरच्या पातळीवर जुने आहे.

पण कृत्तिकांमधली आल्किओनी ही कीइक्सची राणी नव्हे. ती ॲटलास आणि प्लिओनी यांच्या सात मुलींपैकी एक, समुद्रदेव पोसायडनच्या मुलांची आई. नाव एकच, व्यक्ती दोन. आज त्या पुंजातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याला हे नाव आहे. त्याची प्रत (तेजस्वितेचे माप) सुमारे 2.9 असून तो आपल्यापासून सुमारे 440 प्रकाशवर्षे दूर आहे. निळसर-पांढरा, सूर्याहून कितीतरी मोठा आणि स्वतःभोवती वेगाने फिरणारा. आपल्या ज्योतिषपरंपरेत कृत्तिका नक्षत्राची योगतारा, म्हणजे ओळखीचा मुख्य तारा, म्हणून सामान्यतः हाच तारा धरतात.

या ताऱ्याच्या वाट्याला एक भलताच मान काही काळ आला होता. दोर्पात वेधशाळेचे संचालक योहान मेडलर यांनी 1846 मध्ये असा सिद्धांत मांडला की आकाशगंगेतले सगळे तारे, आपल्या सूर्यासह, या आल्किओनीभोवती फिरतात. ताऱ्यांच्या सूक्ष्म हालचाली मोजून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता. तो टिकला नाही. आकाशगंगेचे केंद्र धनू राशीच्या दिशेला सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर आहे, हे पुढे कळले. तरीही 'मध्यवर्ती सूर्य' ही कल्पना गूढवादी मंडळींच्या लिखाणात बराच काळ रेंगाळत राहिली.

तत्त्वज्ञानाशी या नावाचा एक धागा थेट भारतात येतो. थिऑसॉफिकल सोसायटीच्या लिखाणात माणसांना गुप्त नावे दिलेली असत आणि त्यांतली बरीच आकाशातली होती. सोसायटीतले एक प्रमुख लेडबीटर यांनी स्वतःसाठी 'सिरियस' घेतले होते, तर अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांना आढळलेल्या कोवळ्या जे. कृष्णमूर्तींना 'आल्किओनी' हे नाव दिले होते. 1910 मध्ये कृष्णमूर्तींच्या नावावर निघालेल्या पहिल्या छोट्या पुस्तकावर लेखक म्हणून हेच नाव छापलेले आहे. 1929 मध्ये त्यांनी आपल्याभोवती उभी केलेली संघटना स्वतःच विसर्जित केली आणि ते नावही मागे पडले.

रानपाखरू

आता पक्ष्याकडे वळू या, कारण मूळ मुद्दा तिथेच अडला आहे.

ॲरिस्टॉटलने वर्णिलेला पक्षी आपल्या विहिरीवरचा पांढऱ्या छातीचा खंड्या नाही. तो छोटा खंड्या, म्हणजे अल्सेडो ॲथिस. तो आपल्याकडेही ओढ्याकाठी, तळ्याकाठी दिसतो : पाण्यावरून बाणासारखी निळी रेघ मारून जाणारा. हा पक्षी समुद्रावर तर सोडाच, पाण्यावरही घरटे करत नाही. नदीच्या किंवा ओढ्याच्या उभ्या मातीच्या काठात तो चोचीने माती उकरून आणि पायांनी ती मागे ढकलून साठ ते नव्वद सेंटिमीटर लांबीचे बीळ काढतो आणि त्याच्या टोकाशी असलेल्या कोठडीत अंडी घालतो. युरोपात त्याचा विणीचा हंगाम वसंतात सुरू होतो, हिवाळ्यात नव्हे.

मग हिवाळा कुठून आला? थंडीत अंतर्भागातले पाणवठे गोठू लागले की हे पक्षी समुद्रकिनाऱ्याकडे, खाड्यांच्या मुखांकडे उतरतात. किनाऱ्यावरच्या माणसाला तो नेमका त्याच दिवसांत दिसणार, एरवी दिसणार नाही. घरटे तर कधीच दिसणार नाही. पक्षी आहे आणि घरटे मात्र कुठेच नाही, तेव्हा घरटे समुद्रातच असले पाहिजे, असा तर्क कुणी केला असेल तर तो अडाणीपणाचा म्हणता येणार नाही.

यात एक गंमत आहे. खंड्या माशांचे न पचलेले काटे गोळ्यांच्या रूपाने ओकून टाकतो, आणि काही काळाने बिळातल्या कोठडीत त्या काट्यांचा थर साचतो. अंडी त्यावरच असतात. बीळ उकरून पाहिलेल्याला हा बारीक पांढुरका चुरा आणि कुबट वास लगेच ओळखू येतो. घरटे माशांच्या काट्यांचे असते, ही ॲरिस्टॉटलची ऐकीव माहिती इथे विलक्षण जवळ येते. कुणा मुलाने किंवा कोळ्याने कधीतरी एखादे बीळ खणले असणार आणि ती खरी माहिती तोंडातोंडी होत चुकीच्या घरट्याला चिकटली असणार, असा माझा अंदाज आहे.

नावांच्या बाबतीत निसर्गशास्त्रज्ञांनी हौस पुरेपूर भागवून घेतली आहे. लासेपेद यांनी 1799 मध्ये एका वंशाला कीइक्सचे नाव दिले, ते आपण सीइक्स असे वाचतो. स्वेन्सन यांनी 1821 मध्ये हॅल्सिऑन हा वंश केला. ग्रीक लोक नर आल्किऑनला केरिलोस म्हणत; त्यावरून बोई यांनी 1828 मध्ये सेरिल हे नाव काढले, आणि तो आपला काळा-पांढरा कवड्या खंड्या, पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत तरंगून खाली सूर मारणारा. आजच्या वर्गीकरणात खंड्यांच्या कुळाची तीन उपकुळे आहेत आणि ही तीन नावे नेमकी तीन वेगवेगळ्या उपकुळांत पडली आहेत. ज्या दांपत्याचा विरह देवांना पाहवला नाही, त्यांची वर्गीकरणाने पुन्हा ताटातूट केली.

सीइक्स वंशातला एक पक्षी कोकणातल्या वाचकांनी अवश्य पाहावा : तिबोटी खंड्या, सीइक्स एरिथाका. चिमणीहूनही लहान, चोच आणि पाय प्रवाळासारखे लाल, पोट पिवळे, पाठीवर निळा-जांभळा रंग आणि पायाला तीनच बोटे. तो जूनमध्ये पावसाबरोबर कर्नाळा, चिपळूण या पट्ट्यात येतो आणि भर पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या भिंतीत बीळ करून पिले वाढवतो. पिलांना बेडूक, खेकडे, सापसुरळ्या असा खाऊ भरवतो. ग्रीक कीइक्स वादळात बुडाला. त्याच्या नावाचा हा पक्षी वादळी हंगामाचीच वाट पाहून संसार मांडतो.

शंखशिंपले

रानपाखरू यांचे काट्यांबद्दलचे म्हणणे पटते. पण मग तो भोपळ्याच्या आकाराचा, लालसर, स्पंजासारखा पदार्थ कोणता? तो काल्पनिक नव्हता, कारण औषधांच्या पुस्तकांत त्याची चक्क नोंद आहे. दिओस्कोरिदीस या वैद्याने पहिल्या शतकात 'आल्किऑनिऑन' नावाच्या समुद्री पदार्थाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांचे रंग, वास आणि त्वचारोगांवरचे उपयोगही दिले आहेत. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले स्पंज, मऊ प्रवाळ आणि समुद्री वनस्पतींचे गोळे अशा अनेक वस्तूंना लोक 'आल्किऑनचे घरटे' म्हणत असावेत आणि ते गोळा करून औषधी म्हणून वापरत असावेत.

ॲरिस्टॉटलने उपमा म्हणून घेतलेले तंतुमय गोळे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर आजही ढिगांनी पडलेले असतात. पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताचे धागे लाटांनी वळून वळून त्यांचे तपकिरी चेंडू बनतात. हातात घेतले तर वाळलेल्या काथ्यासारखे लागतात आणि ओढून तुटत नाहीत.

या समजुतीचे अवशेष प्राणिशास्त्रात पक्के झाले आहेत. मऊ प्रवाळांच्या एका वंशाचे नाव अल्सिओनियम आहे, आणि त्यातली युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरची जाती 'मेलेल्या माणसाची बोटे' या भीतिदायक नावाने ओळखली जाते. पक्ष्याने न बांधलेल्या घरट्यावरून एका प्राण्याला नाव मिळाले आणि ते शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनिअसच्या काळापासून टिकून आहे.

खडूस_वाचक

सगळे वाचतो आहे आणि आनंदही होतो आहे. पण धागाकर्त्याने ॲरिस्टॉटलला जरा जास्तच सांभाळून घेतले आहे, असे माझे मत आहे. हिवाळ्यात घरटे ही गोष्ट तपासणे त्या काळीही अशक्य नव्हते. ग्रीक लेखक प्लुटार्कने तर पुढे जाऊन हे घरटे आपण अनेकदा पाहिले आणि हाताळले आहे असे लिहिले, आणि मादी म्हाताऱ्या नराला पाठीवर घेऊन फिरते असेही सांगितले. एवढ्या मोठ्या विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचीच वाक्ये उतरवून घेतली, हे त्यांच्याबद्दल काही फार बरे सांगत नाही.

तुलनेसाठी सतराव्या शतकातला इंग्रज वैद्य टॉमस ब्राउन पाहा. तोवर युरोपात अशी समजूत रूढ झाली होती की मेलेला, वाळवलेला खंड्या दोऱ्याने छताला टांगला तर त्याची चोच वाऱ्याची दिशा दाखवते. ब्राउनने पीळ नसलेल्या रेशमी धाग्याला पक्षी टांगून पाहिले. दोन पक्षी टांगले तर त्यांचे आपापसात एकमत होईना, दोघे दोन दिशांना तोंड करून राहिले. 1646 च्या त्याच्या ग्रंथात ही हकिकत आहे. एका संध्याकाळच्या कामाने कित्येक शतकांची समजूत निकालात निघते, तर आधी कुणी ती तसदी का घेतली नाही?

आणि हो, त्या संवादाबद्दल लवकर लिहा. सॉक्रेटिस या बाईच्या पक्षी होण्यावर विश्वास ठेवतो, असे मी ऐकून आहे. ते खरे असेल तर माझ्या मनातून तो बराच उतरेल.

शिशिरपर्ण

खडूस साहेब, लिहितो. प्लुटार्कबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे. शंखशिंपले यांनी सांगितलेली एखादी वस्तू त्याने हाताळली असावी आणि ती कुणाची, हे लोकांकडून ऐकले असावे. म्हणजे पाहणे खरे, ओळख ऐकीव.

संवादाचे नावच 'आल्किऑन'. तो प्लेटोच्या ग्रंथांबरोबरही आला आहे आणि ग्रीक उपहासकार लूशियनच्या ग्रंथांबरोबरही. पण दोघांचाही नाही. जुन्या काळीच त्याला बनावट ठरवले होते आणि प्लेटोने स्थापलेल्या अकादमीतल्या लिऑन नावाच्या कुणा माणसाने तो लिहिला, असे मत नोंदवले गेले होते. वाचायला जेमतेम दहा मिनिटे लागतात. सॉक्रेटिस आणि त्याचा मित्र खेरेफोन अथेन्सजवळच्या फालेरोनच्या किनाऱ्यावर फिरत असतात. खडकांच्या बाजूने एक गोड आवाज येतो. खेरेफोन विचारतो, हा कोणता प्राणी? सॉक्रेटिस आल्किओनीची गोष्ट सांगतो आणि म्हणतो की आजचा दिवस तिच्याच दिवसांपैकी आहे, बघ आकाश कसे निवळले आहे आणि समुद्र कसा आरशासारखा झाला आहे.

खेरेफोन विचारतो ते आपणही विचारले असते : बाईचा पक्षी होतो, यावर विश्वास कसा ठेवायचा? सॉक्रेटिसाचे उत्तर साधारण असे आहे. शक्य काय आणि अशक्य काय, हे ठरवणारे आपण फार मंद दृष्टीचे परीक्षक आहोत. परवाच केवढे वादळ झाले, विजा, गडगडाट, वारा. सगळे जग कोसळते की काय असे वाटले. आणि थोड्याच वेळात ही शांतता आली. त्या कल्लोळाची अशी शांतता करणे जास्त अवघड, की बाईचा पक्षी करणे? लहान मुलेसुद्धा माती किंवा मेण घेऊन एकाच गोळ्यातून हवी ती रूपे घडवतात. लहान मुलाची आणि मोठ्या माणसाची शक्ती यांत जर एवढे अंतर असेल, तर माणसाची आणि विश्वाची शक्ती यांतले अंतर आपण कुठल्या मापाने मोजणार?

युक्तिवाद म्हणून हा लंगडा आहे, यात वाद नाही. 'तुला कळत नाही' यावरून 'म्हणून हे खरे' असे कोणीही सिद्ध करू शकतो, आणि प्रत्येक भोंदू तेच करतो. पण संवाद काळजीपूर्वक वाचला तर सॉक्रेटिस शेवटचे पाऊल टाकत नाही. हे घडलेच, असे तो म्हणत नाही. याबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही, एवढ्यावर तो थांबतो. आणि मग आल्किऑनला उद्देशून म्हणतो की माझ्या वाडवडिलांनी जशी ही गोष्ट माझ्या हाती दिली, तशी मी ती माझ्या मुलांना देईन, आणि तुझी भक्ती व पतिप्रेम माझ्या दोन्ही बायकांना, झान्थिपी आणि मिर्तो यांना, गाऊन सांगेन. म्हणजे गोष्टीचा खरेपणा तो बाजूला ठेवतो आणि तिची जपणूक स्वीकारतो. नंतरच्या काळात प्लेटोच्या अकादमीत संशयवादाने घर केले, त्या वातावरणाचा वास मला या थांबण्यात येतो. दोन बायकांचा उल्लेखही हेच सुचवतो, कारण प्लेटोच्या अस्सल लेखनात मिर्तो कुठेच नाही, झान्थिपी तेवढी आहे.

मला सर्वांत मार्मिक वाटते ती खेरेफोनची निवड. सॉक्रेटिसापेक्षा शहाणा कुणी आहे का, हा प्रश्न घेऊन डेल्फीच्या देवस्थानी कौल घ्यायला गेलेला तो हाच. कुणी नाही, असे उत्तर आले. आणि सॉक्रेटिसाने त्याचा अर्थ लावला की आपल्याला कळत नाही हे आपल्याला कळते, एवढेच आपले शहाणपण. त्याच माणसाला पुन्हा किनाऱ्यावर आणून अज्ञानाचाच पाठ द्यायचा, आणि तोही अशा पक्ष्याच्या निमित्ताने की जो दिसत नाही, फक्त ऐकू येतो, हे लिहिणाऱ्याने जाणूनबुजून केलेले असावे. जाता जाता, ॲरिस्टोफेनीसने आपल्या नाटकात या खेरेफोनला 'वटवाघूळ' म्हटले आहे; पक्ष्यांच्या चर्चेत सामील व्हायला त्याची तेवढी पात्रता पुरेशी होती.

खडूस साहेब, ब्राउनचा प्रयोग मला तुमच्याइतकाच प्रिय आहे. पण एक फरक करावासा वाटतो. टांगलेला खंड्या वारा दाखवतो, हा दावा तपासता येतो आणि तपासून फेकून देता येतो. आल्किऑनचे घरटे समुद्रात असते, हाही दावा तसाच, आणि तो फेकलाच पाहिजे. बाईचा पक्षी झाला, हे तपासण्याजोगे विधानच नाही. ते दुःखाबद्दलचे सांगणे आहे. पहिल्या दोन दाव्यांना या तिसऱ्याचे संरक्षण मिळत गेले, म्हणून ते इतके जगले. ॲरिस्टॉटलला मी सांभाळून घेतो ते एवढ्यासाठीच की त्याने गोष्ट सांगितलीच नाही. राणी, राजा, वाऱ्यांचा बाप यांतले कुणीही त्या परिच्छेदात नाही. फक्त पक्षी, घरटे, अंडी, दिवस आणि सिसिलीचा समुद्र.

खडूस_वाचक

फरक मान्य. सॉक्रेटिस मनातून उतरता उतरता राहिला. लंगड्या युक्तिवादाला तुम्ही लंगडा म्हणालात, हे बरे केले.

नक्षत्रवेडी

एक शंका. स्मिर्नेन्सिस हे नाव कशावरून? स्मिर्ना म्हणजे आजचे तुर्कस्तानातले इझमिर ना? आपल्या विहिरीवरच्या पक्ष्याचा तिथे काय संबंध?

रानपाखरू

हो, इझमिरच. इलियाझर ऑल्बिन या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात छापलेल्या पक्ष्यांच्या ग्रंथात स्मिर्नाहून आलेल्या एका मोठ्या खंड्याचे चित्र दिले होते. लिनिअसने 1758 मध्ये त्या चित्राच्या आधारे नाव ठेवले. हा पक्षी तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यापासून पूर्वेला थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे, आणि त्यातला फार मोठा भाग भारतीय उपखंडात येतो. पण युरोपच्या हाती पहिला नमुना पश्चिम टोकाकडून लागला. त्याला समुद्राचे तर सोडाच, पाण्याचेही फारसे वेड नाही : नाकतोडे, सरडे, उंदराची पिले, जे मिळेल ते खातो, आणि बीळ रस्त्याकडेच्या मातीच्या कापातसुद्धा करतो. त्याच्या कर्कश किलकिलाटात होमरला दुःख ऐकू आले असते, असे मला मुळीच वाटत नाही.

शिशिरपर्ण

या उत्तरात एक भर. ज्या क्लारोसला कौल घ्यायला कीइक्स निघाला होता, ते ठिकाण इझमिरच्या दक्षिणेला, आज त्याच प्रांतात आहे. देवळाचे खांब आणि कौल जिथे दिला जाई ते तळघर उत्खननात सापडले आहे. पावसाळी दिवसांत त्या तळघरात पाणी साचते.